कुत्रा क्लासमध्ये शहाणा, गल्लीत मात्र ओढतो: चोक चेन घ्यावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोथरूडला मयूर कॉलनीजवळ राहणाऱ्या एका ताईंकडे दीड वर्षाचा, साधारण ३२ किलोचा लॅब्रॅडोर आहे, सिंबा. फिरायला काढला की तो सोसायटीच्या गेटपासूनच ओढायला लागतो. गेल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या भटक्या कुत्र्यांकडे त्यानं झेप घेतली, ताईंच्या आई पडल्या आणि मनगट दुखावलं. ट्रेनरच्या क्लासमध्ये हाच कुत्रा ‘हील’ म्हटलं की पायाशी चालतो, गल्लीत आला की काही ऐकत नाही. शेजारच्या काकांनी चोक चेन, म्हणजे ओढलं की गळ्याभोवती आवळणारी साखळी, आणायला सांगितलंय, ‘मालक कोण ते एकदा कळू दे त्याला’ म्हणून. ताईंना विचारायचंय की चोक चेन घ्यावी का, आणि त्याचा हट्टीपणा कसा मोडायचा.

ताई, आधी आईंचं बघा. पडताना हात टेकला गेला असेल आणि अजून सूज असेल, तर एक्स-रे काढून घ्या. वयस्कर माणसांत मनगटाचं हाड असंच मोडतं आणि मुरगळलंय समजून अंगावर काढलं जातं. आणि सिंबाचं चालणं बदलेपर्यंत पट्टा त्यांच्या हातात देऊ नका. त्यांना त्याच्याबरोबर वेळ घालवायचा असेल तर घरातले सराव पुढे सांगतो, त्यातले बरेचसे त्या खुर्चीत बसून करू शकतात.

आता सिंबा. तुम्ही जे लिहिलंय त्यात मला हट्टीपणा दिसत नाही. दोन वेगळ्या गोष्टी दिसतात आणि त्या एकमेकींत मिसळल्या आहेत. एक म्हणजे रोजचं ओढणं, गेटपासून कोपऱ्यापर्यंत आणि कोपऱ्यापासून घरापर्यंत. ही सवय आहे. दुसरी म्हणजे कुत्री दिसल्यावरची झेप. तिच्यामागे भावना आहे. ती भीती आहे, चीड आहे की नुसती भेटायची घाई, हे त्याला प्रत्यक्ष बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. शेपटी, कान, तोंड घट्ट मिटलेलं आहे की सैल, हे बघावं लागतं. सवय बदलायची रीत वेगळी, भावना बदलायची वेगळी.

सवयीपासून सुरुवात करू. सिंबा ओढतो, कारण ओढलं की पुढे जाता येतं. आपण ताशी चार-पाच किलोमीटरनं चालतो. धडधाकट लॅब्रॅडोरची सहज दुडकी चाल याहून वेगाची असते, त्यामुळे आपल्या शेजारी चालणं म्हणजे त्याच्यासाठी सतत स्वतःला आवरणं असतं. त्यात नाक. खांबावर रात्री कोण येऊन गेलं ते त्याला वासावरून कळतं, आणि तो खांब आपल्यापेक्षा चार पावलं पुढे असतो. तो ओढतो, तुम्ही दोन पावलं टाकता, खांब मिळतो. १८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं मांजरांना पेटीत कोंडून दाखवलं होतं की ज्या कृतीनं सुटका होते आणि खाणं मिळतं, ती कृती जनावर पुढच्या वेळी जास्त लवकर करतं. तुमच्या गल्लीत रोज दोन वेळा हाच प्रयोग चालू आहे आणि त्यातलं बक्षीस म्हणजे तुमची पावलं आहेत.

यातूनच पुढचा, जास्त त्रासाचा मुद्दा निघतो. स्किनर या मानसशास्त्रज्ञानं उंदरांवर आणि कबुतरांवर केलेल्या कामातून हे पक्कं दिसलं की बक्षीस कधी मिळतं आणि कधी नाही अशा पद्धतीनं लागलेली सवय सगळ्यांत चिवट असते. त्यानं ओढलं की तुम्ही चार दिवस नेमानं थांबलात आणि पाचव्या दिवशी ‘आज ऑफिसला उशीर होतोय, जाऊ दे’ म्हणून ओढत जाऊ दिलंत, तर तो शिकतो की जरा जास्त जोर लावला, जरा जास्त वेळ लावला की मिळतं. घरोघरी सराव फसतो तो इथे. माणसं आळशी असतात असं मुळीच नाही, पण सकाळी सात वाजता कुत्र्याला शी-शू करवून, डबा भरून निघायचं असतं. त्या वेळी प्रत्येक ओढीला थांबणं कुणालाच जमत नाही.

म्हणून मी सगळ्यांना एकच व्यवस्था सांगतो: शिकायचं चालणं आणि नुसतं चालणं वेगळं करा, आणि ते कुत्र्याला अंगावर जाणवेल असं करा. असा हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छाती-पाठीभोवती बसणारा पट्ट्यांचा साज, घ्या ज्याला छातीवर एक कडी आणि पाठीवर एक कडी असते. पट्टा छातीच्या कडीला अडकवला की शिकायची वेळ, आणि तेव्हा दोरी ताणली असताना एकही पाऊल पुढे पडत नाही. घाईच्या वेळी पट्टा पाठीच्या कडीला. तेव्हा तो थोडा ओढला तरी चालेल, सगळ्यांत कमी वर्दळीच्या बाजूनं जाऊन या, रागावू नका, शिकवू नका. कुत्री हा फरक आपल्याला वाटतो त्यापेक्षा लवकर ओळखतात. अशानं शिकवण्याच्या वेळेला भेसळ होत नाही. हळूहळू छातीच्या कडीचा वेळ वाढतो आणि पाठीची कडी लागेनाशी होते.

छातीची कडी उपयोगी पडते कारण तो पुढे झेपला की त्याचं अंग तुमच्याकडे वळतं, जोर निम्म्यात विरतो. पण हार्नेस शिकवत नाही, तुमचा खांदा वाचवतो एवढंच. घेताना सिंबाला दुकानात घेऊन जा. पुढून पाहिलं तर इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा दिसणारा, खांद्याच्या सांध्यावरून आडवी पट्टी न जाणारा बघा. काखेत दोन बोटं मावली पाहिजेत. पावसाळ्यात नायलॉनचा हार्नेस ओला राहिला की काखेत कातडी सोलवटते, म्हणून घरी आल्यावर काढून वाळवा. पट्टा सहा फुटांचा, साधा, सपाट. बटण दाबून लांब-आखूड होणारा पट्टा या कामाला अजिबात नको, कारण तो कायम थोडा ताणलेलाच असतो आणि ताण म्हणजे पुढे जाणं हेच शिकवतो. पट्टा मनगटाला गुंडाळायचा नाही. त्याचा फासा अंगठ्यात अडकवून तळहातावरून मुठीत धरा, म्हणजे अगदीच वेळ आली तर सोडता येतो.

चोक चेनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका, असेल तर काढून टाका. तिनं ओढणं कधी कधी थांबतं, हे मी नाकारत नाही. दुखलं की कुणीही थांबतं. पण गळ्यात श्वासनलिका आहे, थायरॉइड आहे, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आहेत. २००६ साली पशुवैद्यांनी केलेल्या एका अभ्यासात कुत्रा साध्या गळपट्ट्यावर ओढत असतानादेखील डोळ्यांतला दाब वाढलेला आढळला होता, हार्नेसवर ओढताना तसा वाढला नव्हता. चोक चेन तर आवळण्यासाठीच बनवलेली असते. आणि सिंबाच्या बाबतीत दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. कोपऱ्यावर कुत्रं दिसतं, त्याच क्षणी गळा आवळला जातो. असं रोज झालं तर त्याच्या मनात काय जुळेल? कुत्रं दिसलं की दुखतं. आज तो कदाचित उत्साहानं झेपत असेल, काही महिन्यांनी खरोखर अंगावर जाईल. असे कुत्रे माझ्याकडे येतात, आणि तिथून परत येण्याचा रस्ता फार लांबचा असतो.

काकांच्या ‘मालक कोण’ या म्हणण्याचं मूळ लांडग्यांच्या जुन्या अभ्यासात आहे. १९४७ साली रुडोल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या, एकमेकांना अनोळखी लांडग्यांच्या भांडणांवरून कळपातल्या वरचढपणाचं चित्र मांडलं. पुढे ते लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्यामुळे जगभर गेलं. त्याच मेक यांनी रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहून १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे आई-वडील आणि त्यांची पिल्लं, तिथे गादीसाठी मारामारी चालत नाही. सिंबा तुमच्या पुढे चालतो तो तुमच्यावर राज्य करायला नाही. त्याला खांबापाशी पोचायचं असतं.

मग क्लासमध्ये तो का चालतो? कारण क्लासचं मैदान तेच, वेळ तीच, माणसं तीच. कुत्र्याला एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप लागू करता येत नाही. गल्लीत तो धडा त्यानं कधी घेतलेलाच नाही. एक गोष्ट तुम्हीच तपासा: क्लासमध्ये पट्टा बहुतेक वेळ कुणाच्या हातात असतो? ट्रेनरच्या हातात असेल तर तो ट्रेनरबरोबर चालायला शिकलाय. शिवाय ‘हील’ म्हणजे पायाला चिकटून, वर बघत चालणं. ते रस्ता ओलांडताना उपयोगी आहे. अर्धा तास तसं चालवणं कुत्र्यावर अन्याय आहे. रोजच्या फिरण्यासाठी एवढंच पुरे: दोरी सैल, मध्ये झोळ पडलेला, बाकी त्यानं डावीकडे चालावं की उजवीकडे, दोन पावलं पुढे की मागे, त्याचं त्यानं ठरवावं.

सुरुवात दाराच्या आत होते. पट्टा खुंटीवरून काढल्याबरोबर तो नाचायला लागत असेल, तर गेटपर्यंत जाईतो त्याचं डोकं ठिकाणावर नसणारच. दिवसातून काही वेळा पट्टा उचला आणि परत ठेवून द्या. पट्टा लावा, सोफ्यावर बसा, काढा. हे आईंना खुर्चीतून सहज करता येईल. पट्टा दिसला म्हणजे पळापळ, हे जुळलेलं सुटायला लागतं. मग दार, मग लिफ्ट. दार उघडल्यावर चारही पाय जमिनीवर असतील तरच बाहेर. लिफ्टमध्ये कुणी असेल तर पुढची लिफ्ट घ्या.

पुढचा सराव घरातल्या पॅसेजमध्ये, मग दुपारी रिकाम्या पार्किंगमध्ये. खाऊ वाटाण्याएवढा, भरपूर, आणि त्याच्या रोजच्या जेवणातून वजा केलेला. लॅब्रॅडोर लवकर जाड होतात. उकडलेलं चिकन उत्तम, शाकाहारी घर असेल तर पनीर. पोळीचा तुकडा घरात चालेल, गल्लीत त्याकडे तो बघणारही नाही. तो तुमच्या डाव्या बाजूला असेल तर डाव्या हातानं, तुमच्या पँटच्या शिवणीपाशी द्या. जिथे खाऊ मिळतो तिथे कुत्रा येऊन राहतो. पुढे हात करून दिलात तर तो पुढेच येईल, उजव्या हातानं दिलात तर तुमच्या पायांत येईल. एक पाऊल, ‘शाब्बास’, खाऊ. मग दोन, मग पाच. शब्द आधी, हात नंतर.

दोरी ताणली की थांबा. झटका नाही, ओरडणं नाही, उलट ओढणं तर अजिबात नाही, कारण तुम्ही मागे ओढलं की त्याचं अंग आपोआप पुढे जोर लावतं. हात पोटाशी घ्या आणि उभ्या राहा. कधीतरी तो वळून बघेल, किंवा एक पाऊल मागे येईल, दोरीला झोळ पडेल. त्याच क्षणी ‘शाब्बास’ आणि चालू लागा. इथे एक बारीक गोष्ट आहे जिच्यामुळे खूप जण अडकतात. तो वळून आल्याआल्या दर वेळी खाऊ दिला, तर हुशार कुत्रा अख्खी साखळी शिकतो: ओढायचं, वळायचं, खायचं, परत ओढायचं. म्हणून वळून आल्यावर आधी चालू लागा, शेजारी पाच-सात पावलं चांगली पडू देत, मग खाऊ. आणि न ओढता आपणहून शेजारी चालला तर त्याचं मोल जास्त ठेवा.

खाऊपेक्षा मोठं बक्षीस रस्त्यावरच असतं, ते म्हणजे हुंगणं. त्याला खांब हवाय ना? मग तोच द्या. चार पावलं सैल दोरीनं चाललं की ‘जा’ म्हणा आणि त्याच्याबरोबर खांबापर्यंत जा. मनसोक्त हुंगू दे. अमृततुल्यपाशी त्याला कुणी पार्ले-जी देत असेल आणि तिथे तो सगळ्यांत जास्त ओढत असेल, तर चहा पिणाऱ्यांना हात जोडून सांगा की काही दिवस देऊ नका, नाहीतर ओढण्याचा मोबदला तिथे रोज मिळत राहील. आणि आठवड्यातून एक-दोनदा पहाटे त्याला वेताळ टेकडीवर न्या, पाठीच्या कडीला पंधरा फुटांची लांब दोरी लावून. तिथे शिकवणं नाही, फक्त हुंगणं. दोरी मात्र सोडायची नाही, टेकडीवर मोर आहेत. ज्या कुत्र्याचं नाक असं पोटभर वापरून होतं, तो गल्लीत निम्मा शांत असतो.

आता भटकी कुत्री. या बाबतीत आधी मनात पक्कं करायला हवं की ती कुठे जाणार नाहीत. प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी आणि लसीकरण करून कुत्र्यांना सहसा उचललं त्याच जागी परत सोडतात. कानाचा तुकडा कापलेला दिसतो ना, ती नसबंदी झाल्याची खूण. म्हणजे कोपऱ्यावरची ती कुत्री तुमची कायमची शेजारी आहेत, आणि हे सोयीचंही आहे, कारण ती रोज त्याच जागी, त्याच वेळी असतात. दोन-तीन दिवस सिंबाशिवाय फिरा. कोण कुठे झोपतं, त्यांना खायला कुठे घालतात, कोणतं दुरूनच भुंकून गप्प बसतं आणि कोणतं अंगावर चालून येतं, बघून ठेवा. जेवणाच्या जागेवरून आणि जेवणाच्या वेळी जायचंच नाही.

मग अंतर. सिंबाला कुत्री दिसतात, पण तो अजून खाऊ घेतो आणि तुमच्या हाकेला कान हलवतो, ते अंतर शोधा. सुरुवातीला ते पन्नास पावलंसुद्धा असेल. तिथे उभ्या राहा. त्यानं कुत्र्याकडे बघितलं की ‘शाब्बास’, खाऊ. परत बघितलं, परत खाऊ. काही दिवसांनी तो कुत्र्याकडे बघून आपणहून तुमच्याकडे वळेल. तेव्हाच दोन पावलं जवळ. चोक चेन जे जुळवते त्याच्या बरोबर उलटं हे जुळतं. तो खाऊ घेईनासा झाला, अंग ताठ झालं, तर आपण फार जवळ आहोत, मागे फिरा. यासाठी ‘चल मागे’ असं वळणं घरात, पार्किंगमध्ये खेळासारखं घोटून घ्या, म्हणजे ऐनवेळी कामी येईल. आपल्याकडे फुटपाथवर लावलेल्या गाड्या एरवी वैताग देतात, इथे त्यांचा आडोसा घ्या.

मोकळी कुत्री जवळ असताना खाऊ जमिनीवर टाकू नका. परदेशी व्हिडिओंमध्ये तसं सांगतात, पण तिथे रस्त्यावर मोकळी कुत्री नसतात. इथे त्या तुकड्यावरून भांडण होईल. एखादं कुत्रं चालून आलंच तर पळू नका, सिंबाला तुमच्या मागे घ्या आणि नेहमीच्या चालीनं त्यांच्या हद्दीतून बाहेर पडा. पावसाळ्यात उघडलेली छत्री मध्ये धरणं फार उपयोगी पडतं. तिच्यानं मारायचं नाही, फक्त आडपडदा. आणि रेबीजची लस, महापालिकेचा परवाना चालू ठेवा. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लसही विचारून घ्या, साचलेल्या पाण्यातून तो आजार लागतो.

बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्याही सांगतो. सिंबा वयात येतोय. २०२० मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं होतं की आठ महिन्यांच्या आसपास कुत्री स्वतःच्या माणसाचं ‘बस’ देखील कमी ऐकतात, अनोळखी माणसाचं मात्र ऐकतात. दीड वर्षाला हा काळ उतरणीला लागलेला असतो, पण मोठ्या जातींना थोडा जास्त वेळ लागतो. नसबंदीनं ओढणं जाईल अशी आशा ठेवू नका. नसबंदी करायची कारणं वेगळी आहेत. एखादा कुत्रा अचानक ओढायला किंवा मागे रेंगाळायला लागला तर आधी डॉक्टर, लॅब्रॅडोरमध्ये खुबा आणि कोपर दुखणं नेहमीचं आहे. रस्त्यावरून घरी आणलेलं देशी कुत्रं घराच्या दिशेनं ओढत असेल तर ते घाबरलेलं असतं, त्याला वरचं थांबणं लागू करू नका, आधी त्याला रस्त्याचा भरवसा वाटू दे. आणि कारवानी जातीचा शिकारी कुत्रा असेल तर मांजर पळताना दिसल्यावर त्याच्याकडून शिस्तीची अपेक्षा करणं चुकीचं, पळणाऱ्या सावजामागे धावायलाच ती जात घडली आहे.

वेळही बघा. एप्रिल-मेमध्ये डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा, टेकवत नसेल तर त्याचे पंजे भाजतात, आणि भाजणाऱ्या पायांनी तो सावलीकडे ओढणारच. जुलैपासून संध्याकाळी ढोल-ताशाचा सराव सुरू होतो. तेव्हा नदीकाठाच्या बाजूला शिकवायला जाऊ नका, त्या आवाजात कुठलाच कुत्रा शिकत नाही. दिवाळीच्या आठवड्यात फक्त पाठीची कडी आणि भल्या पहाटेचा फेरा.

घरात पट्टा धरणारे सगळे एकाच नियमानं चालले तर पार्किंगमधला फरक काही आठवड्यांत दिसेल, गल्लीतला त्यानंतर, आणि कोपऱ्यावरच्या कुत्र्यांचा सगळ्यांत शेवटी, काही महिन्यांनी. फिरवायला माणूस ठेवला असेल तर त्याला छातीची कडी देऊ नका, पाठीचीच द्या.

या आठवड्यात गल्लीत काही शिकवू नका. हार्नेस आणा, पट्टा उचलून ठेवण्याचा सराव आणि पॅसेजमधली पाच पावलं, एवढंच करा. आणि जमलं तर बाल्कनीतून कुत्री दिसल्यावर सिंबा काय करतो त्याचा छोटा व्हिडिओ काढून पाठवा, शेपटी आणि कान दिसतील असा. झेप भीतीची आहे की भेटण्याची, ते त्यावरून बरंचसं कळेल आणि पुढचं त्याप्रमाणे सांगता येईल.